साडेचार हजार भरून वॉलेटचा पत्ता ‘मंजूर’ होतो का?

मांजराकाठ | रविवार, रात्री ९.१२

आज औसा तालुक्यात आत्याच्या गावी जाऊन आलो. आत्येभावाचा मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इथं त्याला बंडू म्हणू. तीन दिवस झाले, पोरगं घरात ४,५०० रुपयांसाठी हटून बसलं होतं. कशाला? बिटकॉइनसारखं डिजिटल चलन ज्यात ठेवतात त्या वॉलेटच्या पत्त्यासाठी. तर म्हणे ‘वॉलेट अ‍ॅड्रेस मंजुरी फी’. मोबाईलवरच्या कुठल्याशा ग्रुपातले एक ‘सर’ त्याला सांगत होते की तुझा पत्ता आमच्या सर्व्हरवर नोंदला गेलाय, फक्त मंजूर व्हायचा बाकी आहे. सोबत पावतीचं चित्र, त्यावर गोल शिक्का. आत्येभाऊ शेतकरी माणूस. शिक्का बघून त्याला वाटलं, फेरफार मंजूर झाल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव लागत नाही, तसंच हेही असेल.

मी वाद घातला नाही. माझ्या फोनमध्ये एक ओपन सोर्स वॉलेट आहे. फोन विमान मोडवर टाकला, सिम काढून ओट्यावर ठेवलं आणि बंडूला म्हटलं, नवीन वॉलेट कर. केलं, पत्ता आला. अजून एक कर. आला. असे सात पत्ते झाले. रेंज नाही, नेट नाही, शेजारी फक्त म्हैस. म्हटलं, आता सांग, यातला कुठला पत्ता कुणाच्या सर्व्हरनं मंजूर केला?

बंडू गप्प झाला. आत्येभावानं मात्र विचारलं, “मग हे आलं कुठून?” फेटा सारखा करत विचारलेला हा प्रश्न मला दिवसभरात सगळ्यात आवडला, म्हणून हा धागा.

पत्ता कुणी देत नाही, तो काढायचा असतो, आणि त्यासाठी लागते फक्त एक संख्या. तिलाच प्रायव्हेट की, म्हणजे गुपित किल्ली म्हणतात. १ पासून जवळजवळ २ च्या २५६ व्या घातापर्यंतची कुठलीही पूर्ण संख्या चालते. कागदावर लिहायला गेलात तर ७८ अंकांपर्यंत जाते. मी तिथंच रुपयाचं नाणं काढलं. छापा म्हणजे १, काटा म्हणजे ०. बंडूनं आठ वेळा उडवलं: छापा, काटा, छापा, छापा, काटा, छापा, काटा, काटा. वहीत लिहिलं १०११०१००. आपल्या दशमानात १८०, संगणकाच्या सोळाच्या पद्धतीत ‘बी४’. यातला एकेक ० किंवा १ म्हणजे बिट, आठ बिटांची ओळ म्हणजे एक बाइट. अशा ३२ ओळी भरल्या की झाली प्रायव्हेट की. वॉलेट ॲप आत हेच करतं, फक्त नाणं त्याचं असतं. ते नाणं खोटं निघालं तर काय होतं त्यावर खाली बोलूच.

त्या संख्येवरून पब्लिक की, म्हणजे इतरांना दाखवता येणारी जोडकिल्ली निघते. एसईसीपी२५६के१ नावाचा एक ठरलेला वक्र आहे, समीकरण नववीतल्या पोरालाही वाचता येईल असं: य² = क्ष³ + ७. या वक्रावरचा एक बिंदू सगळ्यांनी मिळून आधीच ठरवलेला आहे, त्याला ग म्हणू. तुमची प्रायव्हेट की जेवढी, तेवढ्या वेळा ग ची ग मध्येच बेरीज करत जायची. जिथं पोचाल तो बिंदू म्हणजे तुमची पब्लिक की. ही बेरीज वेगळ्या जातीची आहे. परभणीचे गणिताचे सर इथं असतात, त्यांनी मनावर घ्यावं.

आता बिटकॉइनचा जुना, १ ने सुरू होणारा पत्ता घेऊ. पब्लिक की आटोपशीर लिहिली तर ३३ बाइटची होते. ती आधी शा-२५६ मधून काढायची, जे येईल ते राइपएमडी-१६० मधून. या दोन्ही हॅशच्या रीती: काहीही घाला, ठरलेल्या लांबीचा ठसा येतो, आणि ठशावरून मूळ काढता येत नाही. उरतात २० बाइट. त्यांच्या पुढे शून्याचा एक बाइट लावायचा. या २१ बाइटांवर दोनदा शा-२५६ चालवायचं आणि उत्तराचे पहिले ४ बाइट शेपटीला जोडायचे. हा झाला चेकसम, म्हणजे पत्ता लिहिताना हात चुकला तर पकडणारी शेपटी. एकूण २५ बाइट. ते ५८ अक्षरांच्या लिपीत लिहिले की पत्ता तयार. या लिपीत शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि लहान एल ही चार अक्षरं नाहीतच. मी कॉलेजच्या लॅबमध्ये पोरांना पासवर्ड लिहून देतो, त्यामुळे हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला माझा नमस्कार. निम्म्या तक्रारी शून्य की ओ याच्याच असतात.

इथेरियम या दुसऱ्या डिजिटल चलनाचं काम आणखी थोडक्यात उरकतं. पब्लिक कीचे ६४ बाइट केचॅक-२५६ या हॅशमधून काढायचे, शेवटचे २० बाइट ठेवायचे, पुढे शून्य-एक्स लावायचं. संपलं.

या सगळ्यात कुणाकडे अर्ज नाही, नोंदणी नाही. त्या पत्त्यावर कुणी पैसे पाठवेपर्यंत असा पत्ता आहे हे नेटवर्कला माहीतही नसतं.

---

आडतदुकान | रविवार, रात्री ९.५०

मांजराकाठ, पोराला वाचवलात, लै चांगलं केलात. पण मला एक कळंना. आमच्याकडं सोयाबीनच्या पट्टीवरून उलटा हिशोब लावून कट्टे किती ते काढता येतं. मग किल्लीतून पत्ता निघतो तर पत्त्यातून किल्ली कामून निघत नाही? संगणकच आहे ना तो?

---

झाडाखालचा | रविवार, रात्री १०.०५

ज्वारी दळली की पीठ होतं, पिठाची परत ज्वारी होत नाही. इतकं सोपं आहे.

---

मांजराकाठ | रविवार, रात्री १०.२१

झाडाखालचा, पिठाची उपमा मीही वर्गात देतो, पण ती अर्धीच लागू पडते. एकाच पोत्यातली ज्वारी दोन गिरण्यांत दळली तर पीठ थोडं वेगळं येतं. इथं तसं चालत नाही. तीच किल्ली लातुरात टाका नाहीतर लंडनमध्ये, पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत तोच. मंजुरी लागत नाही ती त्यामुळेच. सगळीकडं उत्तर एकच येतं, तर मंजूर करायचं काय?

आडतदुकान, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सर आकडे मांडून देतील. थांबा थोडं.

---

गणिताचे सर | सोमवार, सकाळी ६.३०

रात्री वाचलं. चहा व्हायच्या आत लिहून टाकतो.

खऱ्या वक्रावरचे आकडे वहीत मावत नाहीत, म्हणून तोच वक्र छोटा करू. समीकरण तेच, य² = क्ष³ + ७, फक्त सगळे हिशोब १७ तासांच्या घड्याळावर करायचे. १७ झाले की पुन्हा शून्य. ग म्हणून (१, ५) हा बिंदू घेऊ. तपासा: ५ चा वर्ग २५, घड्याळावर ८. १ चा घन अधिक ७, तेही ८. म्हणजे बिंदू वक्रावर आहे.

दोन बिंदूंच्या बेरजेचा नियम असा. दोन्हींतून रेषा काढायची, ती वक्राला तिसऱ्या ठिकाणी छेदते, त्या छेदबिंदूचं क्ष अक्षापलीकडचं प्रतिबिंब म्हणजे बेरीज. बिंदू स्वतःमध्येच मिळवायचा असेल तर स्पर्शिका काढायची. घड्याळावर चित्र काढता येत नाही, पण सूत्रं तीच चालतात.

२ग साठी स्पर्शिकेचा चढ = ३ × १² भागिले २ × ५, म्हणजे ३ भागिले १०. १७ च्या घड्याळावर १० ने भागणं म्हणजे १२ ने गुणणं, कारण १० × १२ = १२० आणि १२० म्हणजे १७ × ७ + १. म्हणून चढ ३६, घड्याळावर २. क्ष = २² − १ − १ = २. य = २ × (१ − २) − ५ = −७, म्हणजे १०. २ग = (२, १०).

असंच पुढं गेलं की: ३ग = (५, ८), ४ग = (१२, १), ५ग = (१२, १६), ६ग = (५, ८), ७ग = (२, ७), ८ग = (१, १२). नवव्या बेरजेला बिंदू ‘अनंतात’ जातो आणि चक्र पुन्हा सुरू.

---

नांदेडी_इंजिनियर | सोमवार, सकाळी ८.४४

सर, बसमध्ये बसून सगळं करून बघितलो. ३ग आणि ६ग दोन्ही (५, ८) कसं येईल? मला ३ग = (५, ९) येऊ लागलंय. चढ ५, क्ष = २५ − ३ = २२ म्हणजे ५, य = ५ × (१ − ५) − ५ = −२५ म्हणजे ९.

---

गणिताचे सर | सोमवार, सकाळी ९.०२

शाब्बास! चूक माझीच. ३ग = (५, ९). आणि फसायला होतं ते का, तेही बघा: (५, ८) हा बिंदूसुद्धा वक्रावर बसतो, म्हणून नजर सहज पुढं सरकते. प्रत्येक क्ष ला दोन य असतात आणि त्या दोघांची बेरीज १७. ९ आणि ८, १ आणि १६, १० आणि ७.

याचाच उपयोग मांजराकाठनी म्हटलेल्या ३३ बाइटांत केलेला आहे. १७ विषम, म्हणून जोडीतला एक य सम आणि दुसरा विषम असणारच. मग अख्खा य कशाला लिहायचा? क्ष चे ३२ बाइट लिहा, पुढे एक बाइट: य सम असेल तर ०२, विषम असेल तर ०३. आपल्या छोट्या वक्रावर ४ग आणि ५ग दोघांचा क्ष १२, पण ४ग च्या पुढे ०३ आणि ५ग च्या पुढे ०२ लागेल. खऱ्या वक्रात १७ च्या जागी २²⁵⁶ − २³² − ९७७ ही मूळ संख्या आहे. तीही विषम.

आता आडतदुकान यांचं ‘उलटं का नाही’. (२, ७) दिला तर कितवा ग हे तुम्ही यादी बघून सांगाल: सातवा. यादी आठ ओळींची आहे म्हणून जमलं. खऱ्या वक्राची यादी कुठल्याही वहीत मावणार नाही. पुढं जाताना मात्र आपल्याला यादी लागत नाही, कारण दुप्पट करायची वाट आहे: ग, २ग, ४ग, ८ग, १६ग. १०० वा बिंदू हवा असेल तर ६४ग, ३२ग आणि ४ग मिळवले की झालं. २५६ बिटांची कितीही मोठी किल्ली असो, फार तर २५५ वेळा दुप्पट आणि तितक्याच बेरजा, फोन ते क्षणात करतो. मागं यायला अशी दुपटीची वाट सापडलेली नाही. ज्ञात असलेल्या उत्तम पद्धतींनाही साधारण २ चा १२८ वा घात इतकी पावलं लागतात, म्हणजे ३९ अंकी संख्या. विहिरीत पोहरा सोडायला किती वेळ आणि काढायला किती, तसंच समजा. फक्त इथला दोर ३९ अंकी आहे.

---

आडतदुकान | सोमवार, सकाळी ९.३०

सर, पोहरा कळला. वक्र कळला असं सांगणार नाही, खोटं कशाला बोलू. पण मग मालकी कशी सिद्ध करायची? किल्ली दाखवली तर दुसरा घेऊन पळेल.

---

मांजराकाठ | सोमवार, दुपारी १.१५

किल्ली दाखवायची नसते. व्यवहाराच्या मजकुरावर किल्लीनं सही करायची आणि सही व पब्लिक की एवढंच बाहेर द्यायचं. नेटवर्क दोन गोष्टी तपासतं: ही पब्लिक की हॅश केली की तोच पत्ता येतो का, आणि सही याच कीची आहे का. सही प्रत्येक व्यवहाराची वेगळी येते, त्यामुळे जुनी सही उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवता येत नाही. तुमच्या पट्टीवरच्या सहीपेक्षा बरी.

---

हिमरू | सोमवार, दुपारी २.०८

संभाजीनगरहून एक बाळबोध प्रश्न. पब्लिक कीवरून मागं जाता येत नसेल, तर वर हॅश कशासाठी? तिलाच पत्ता म्हणायचं ना. आणि दोन माणसांना एकच पत्ता आला तर?

---

मांजराकाठ | सोमवार, दुपारी २.४०

ताई, प्रश्न बाळबोध नाही. एक कारण लांबीचं, पत्ता आखूड होतो. दुसरं कारण, पैसे खर्च करेपर्यंत पब्लिक की झाकलेली राहते. उद्या मोठा क्वांटम संगणक आला तर वक्राचं गणित उलटं सोडवायची रीत कागदावर तयारच आहे, हॅशचं कवच तिथं थोडा आडोसा देतं. अर्थात त्या पत्त्यावरून एकदा खर्च केला की पब्लिक की उघड्यावर येते. २०२१ मध्ये बिटकॉइनवर आलेल्या टॅपरूट पत्त्यांत तर पब्लिक की थेटच असते, हॅश नाहीच. सोलाना या आणखी एका चलनातही ३२ बाइटांची पब्लिक की हाच पत्ता, वक्र मात्र वेगळा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा गमतीचं आहे. किल्ल्या आहेत साधारण २ च्या २५६ व्या घाताइतक्या, पत्ते फक्त २ च्या १६० व्या घाताइतके. म्हणजे एकेका पत्त्याला सरासरी २ चा ९६ वा घात इतक्या किल्ल्या लागू पडतात! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी झोप उडाली होती. पण पत्त्यांची संख्याच ४९ अंकी आहे. १०० कोटी पत्ते वापरात आहेत असं धरलं, तरी त्यातले कुठलेही दोन जुळायची शक्यता १ वर ३० शून्यं इतक्यांत एकदासुद्धा भरत नाही.

हे सगळं नाणं खरं असेल तर. नाणं खोटं निघाल्याचे प्रसंग मात्र घडलेले आहेत. २०१३ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक आकडे देणाऱ्या भागात दोष सापडला आणि त्यावर चालणारी बिटकॉइन वॉलेट धोक्यात आली. २०२२ मध्ये प्रोफॅनिटी नावाच्या, हवी ती अक्षरं असलेले इथेरियम पत्ते शोधून देणाऱ्या साधनात असंच निघालं: किल्ली २५६ बिटांची दिसायची, पण तिची सुरुवात फक्त ३२ बिटांच्या बीजातून व्हायची. ३२ बिट म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. माणसाला जास्त, यंत्राला सकाळचा नाश्ता.

---

देवगिरी_एक्सप्रेस | सोमवार, संध्याकाळी ६.३३

मग मी असं करू का? लहानपणापासून एक अभंग पाठ आहे. त्याची पहिली ओळ शा-२५६ मधून काढायची, २५६ बिट येतात, तीच किल्ली. कुठं लिहायला नको, विसरायची भीती नाही. 😄

---

नांदेडी_इंजिनियर | सोमवार, संध्याकाळी ६.५१

दादा, नका करू. याला ब्रेनवॉलेट म्हणतात आणि लोक यात आधीच बुडालेत. चोर मंडळी गाण्यांच्या ओळी, म्हणी, धर्मग्रंथातली वचनं, पासवर्डच्या याद्या, सगळं हॅश करून पत्ते आधीच काढून ठेवतात आणि त्यांच्यावर पाळत ठेवतात. पैसे पडले की उचलले. तुम्हाला पाठ आहे म्हणजे अजून लाखभर लोकांना पाठ आहे.

किल्ली म्हणून सरळ १ हा आकडा घेतला तर? पब्लिक की म्हणजे खुद्द ग. इथेरियमचा पत्ता येतो शून्य-एक्स-सात-ई-पाच-एफ असा सुरू होणारा. कायदेशीर किल्ली आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण तिथं रुपयाही ठेवू नका.

---

भूमचा_खवा | सोमवार, रात्री १०.४०

धागा वाचून मागच्या वर्षीची जखम आठवली. सांगतोच.

फोन पाण्यात पडला. वॉलेट परत उभं करायची बारा शब्दांची सीड फ्रेज वहीत व्यवस्थित लिहून ठेवली होती. नवा फोन घेतला, पण तेच ॲप न घेता दुसरंच एक टाकलं. बारा शब्द भरले, ॲप म्हणालं बरोबर. उघडलं तर शिल्लक शून्य. पत्तेही माझे नाहीत, सगळे अनोळखी. बायकोला सांगितलं नाही, दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी एका मदत ग्रुपात लिहिलं, तर पाच मिनिटांत एक जण खाजगीत आला: “शब्द पाठवा, सिंक करून देतो.” बोटं खरंच टाइप करायला लागली होती. तेवढ्यात म्हातारीनं बाहेरून हाक मारली, म्हैस सुटली होती. म्हैस बांधून आलो तोवर डोकं ठिकाणावर आलं होतं.

पुढं कळलं की शब्द बरोबर होते, वाट चुकली होती. जुनं ॲप ८४ च्या वाटेनं पत्ते काढायचं, नवं ४४ च्या. सेटिंगमध्ये वाट बदलली आणि सगळे पैसे दिसायला लागले. ही वाट म्हणजे नक्की काय, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

---

मांजराकाठ | सोमवार, रात्री ११.१८

म्हशीला माझ्यातर्फे एक पेंढी.

ही वाट समजून घेण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पूर्वी दर पत्त्याची किल्ली वेगळी बनायची आणि प्रत्येकीचा बॅकअप ठेवावा लागायचा. मग आलं वंशावळीसारखं वॉलेट. एका बीजातून मूळ किल्ली निघते, तिच्यातून लेकी, लेकींतून नाती. कुठली लेक आणि कुठली नात हे सांगणारा क्रम म्हणजे वाट.

बारा शब्द येतात २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून. इंग्रजी यादीचा पहिला शब्द ‘अबॅन्डन’, शेवटचा ‘झू’. २,०४८ म्हणजे २ चा ११ वा घात, म्हणून एक शब्द म्हणजे ११ बिट आणि बारा शब्द म्हणजे १३२. त्यातले १२८ नाण्याचे, उरलेले ४ चेकसमचे. यादीत पहिली चार अक्षरं कुठल्याही दोन शब्दांची सारखी नाहीत, त्यामुळे अक्षर गिचमिड असलं तरी शब्द ओळखता येतो. हे शब्द २,०४८ वेळा घुसळून ५१२ बिटांचं बीज निघतं आणि बीजातून मूळ किल्ली.

त्यापुढं वाटेचे आकडे. पहिला आकडा पत्त्याचा प्रकार सांगतो. ४४ म्हणजे १ ने सुरू होणारे जुने पत्ते, ८४ म्हणजे बीसी१क्यू ने सुरू होणारे, ८६ म्हणजे टॅपरूट. दुसरा आकडा चलनाचा: बिटकॉइन ०, इथेरियम ६०. मग खातं, मग बाहेरच्यांना द्यायचा पत्ता की स्वतःच्या सुट्ट्या पैशांचा, आणि शेवटी कितवा. तुमच्या नव्या ॲपनं त्याच आजीच्या दुसऱ्या लेकीकडं चौकशी केली आणि ती म्हणाली, माझ्याकडं काही नाही. पैसे मावशीकडं होते.

वहीत शब्दांशेजारी ॲपचं नाव आणि पहिल्या पत्त्याची सुरुवातीची काही अक्षरं लिहून ठेवा. माझ्या वहीत आहेत.

---

भूमचा_खवा | मंगळवार, सकाळी ७.१०

मावशी! आता कळलं. 🙏

---

हिमरू | मंगळवार, सकाळी ११.२६

चेकसमवरून आठवलं. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंकसुद्धा असाच आधीच्या अंकांवरून काढलेला असतो ना? तेवढं सुरक्षित का हे?

---

गणिताचे सर | मंगळवार, दुपारी १२.०२

बरोबर, आधारला व्हर्होफची रीत आहे. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर पकडते. जीएसटी क्रमांकातलं १५ वं अक्षरही तसंच. बिटकॉइनच्या जुन्या पत्त्याचा चेकसम ३२ बिटांचा आहे, चुकून टाइप केलेला पत्ता त्यातून निसटायची शक्यता ४२९ कोटींत एक. इथेरियमला मुळात चेकसमच नव्हता. २०१६ मध्ये पुढं आलेली युक्ती मला फार आवडते: पत्त्यातली ए ते एफ ही अक्षरं कुठं मोठी आणि कुठं लहान लिहायची, हे त्याच पत्त्याच्या हॅशवरून ठरतं. लांबी तेवढीच राहिली आणि चेकसम अक्षरांच्या उंचीत लपला. पण सगळी अक्षरं लहान लिहिलेला पत्ताही चालतोच, तिथं ही तपासणी होत नाही.

एक लक्षात घ्या, चेकसम हात चुकला तर पकडतो. चोराचा पत्ताही चेकसमला पास होतो.

---

नांदेडी_इंजिनियर | मंगळवार, दुपारी १२.३५

सरांच्या शेवटच्या ओळीला +१. हल्ली पुढची चार आणि मागची चार अक्षरं जुळतील असा पत्ता यंत्रावर शोधून काढतात, त्यावरून चिल्लर रक्कम पाठवतात, आणि आपण इतिहासातून पत्ता कॉपी करतो तेव्हा त्यांचाच उचलतो. मधली अक्षरंही वाचायची सवय लावा.

---

लेखनिक_बीड | मंगळवार, दुपारी ३.५०

अवांतर: पत्ता फुकट असला तरी व्यवहार फुकट नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून १ टक्का टीडीएस. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. ‘वॉलेट माझ्या फोनमध्ये आहे, कुणाला काय कळतंय’ असं म्हणत माझ्याकडं येणाऱ्यांना मी आधी चहा पाजतो.

---

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री ८.३०

थोडी ताजी खबर.

बंडूनं पैसे भरले नाहीत. उलट बुधवारपासून त्यानं नाण्याचा नाद घेतलाय. २५६ ऐवजी १२८ वेळा उडवायचं ठरलं, म्हणजे बारा शब्द काढता येतील. एकोणिसाव्या फेरीला रुपया कणगीखाली गेला, तो काढायला अख्खं घर कामाला लागलं. आज लॅबमध्ये नेट नसलेल्या संगणकावर बसून शब्द काढले. अकरा शब्द नाण्यानं दिले. बाराव्याला पोरगं अडलं, कारण नाण्याचे फक्त ७ बिट उरले होते आणि शब्दाला लागतात ११. ते ४ बिट शा-२५६ मधून काढून दिले. म्हणजे अकरा शब्द तुमच्या मर्जीचे, पण बारावा २,०४८ पैकी १२८ शब्दांतलाच एक असावा लागतो. ते कळल्यावर पोरगं म्हणालं, “मामा, शेवटचा शब्द आपला नसतोच की!”

शिकण्यासाठी केलेलं वॉलेट आहे, त्यात काही टाकायचं नाही असं ठरलंय.

एक राहिलंच. ग्रुपातल्या त्या ‘सरां’नी काल पुन्हा मेसेज केला, मंजुरीची मुदत आज संपते म्हणून. बंडूनं विचारलं: “सर, माझ्या पत्त्याचा चेकसम कुठल्या चार बाइटांचा आहे तेवढं सांगा, लगेच भरतो.”

पाच मिनिटांत त्याला ग्रुपातून काढलं.

---

आडतदुकान | शुक्रवार, रात्री ८.४७

४,५०० वाचले. पोराला म्हणावं त्यातला एक रुपया नवा घे, जुना कणगीखाली घासलाय.